ब्रेकचा विमा

मंचरच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा मला लांबून ओळखतो आणि चार माणसांत मोठ्यानं विचारतो, "काय बिल्लेवाल्या बाई, आता कुणाचे कान टोचता?" माणसं वळून बघतात. मी हसते आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून पुढं जाते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी या तालुक्यात माझं नाव सुनंदा आहे हे फार थोड्यांना माहीत असेल.

मी जनावरांचा विमा उतरवायचे. आंबेगाव आणि जुन्नर हे माझे दोन तालुके. आधी लुनावरून, मग स्कुटीवरून आणि डोंगरात एसटी सोडेल तिथून पुढं पायी. गाईचा विमा उतरवला की तिच्या कानात नंबर असलेला बिल्ला मारायचा. जनावर दगावलं की तो बिल्ला दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, असा साधा नियम. त्यामुळं सुरुवातीच्या काळात लोक माझ्या दारात रुमालात गाईचा कापलेला कान बांधून आणत. पहिल्यांदा एका शेतकऱ्यानं तो रुमाल माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी सोडला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढं सवय झाली. कान बघून, नंबर वहीत टिपून, हात धुऊन मी पुन्हा भाकरीकडं वळायचे.

कुत्र्यांचा विमा फार नंतर आला. डिंभे धरणाच्या बाजूला आणि जुन्नरकडं पुण्यामुंबईच्या लोकांनी बंगले बांधले, त्यांच्यामागं मोठमोठी कुत्री आली. मग आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या अंगणातही लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड दिसू लागले. कंपनीनं फॉर्म पाठवले. मी गावात विषय काढला की लोक आधी पोट धरून हसायचे. "ताई, माणसाचा भरायला जमंना आन् कुत्र्याचा कुठं!"

त्यात ओळख पटवायची पंचाईत. कुत्र्याच्या कानात बिल्ला कोण मारू देणार? कंपनीनं सांगितलं, नाकाचा ठसा घ्या. माणसाच्या अंगठ्यासारखं कुत्र्याचं नाकही प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणे. मग मी शाईचा पॅड घेऊन निघाले. कुत्र्याच्या नाकाला शाई लावायची, ती वाळायच्या आत कागद टेकवायचा. कुत्रं आधी शाई चाटायचं, मग मला. जुन्नरच्या एका बंगल्यात मी पांढऱ्या साडीवर निळे ठसे घेऊन बाहेर पडले, आणि कागद कोराच. पुढं कातडीखाली बसवायची चिप आली आणि माझ्या साड्या वाचल्या.

या धंद्यातली एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तळेघरच्या वरच्या वाडीत चिमाबाई नावाची म्हातारी राहायची. भात आणि नाचणीची चार खाचरं, सहा शेळ्या, आणि काळ्या नावाचा कुत्रा. शेळ्यांचा विमा मीच उतरवला होता. एके दिवशी भर दुपारी बिबट्या शेळ्यांवर आला. एक शेळी गेली, पाच वाचल्या, कारण काळ्या मध्ये पडला. मी पंचनाम्याला पोचले तेव्हा शेळी आणि काळ्या शेजारी शेजारी पडले होते. मी शेळीचा बिल्ला बघितला, फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या. चिमाबाई सगळं शांतपणे बघत होती.

"आन् ह्याचं?" तिनं काळ्याकडं हात केला.

"आजी, याचा विमा नव्हता."

"शेळ्यांचा इमा व्हतो, आन् राखणाऱ्याचा न्हाई व्हत?"

मी त्या वेळी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की कुत्र्याची जात मान्यताप्राप्त हवी. फॉर्ममध्ये जातीच्या रकान्यात 'गावठी' लिहून चालत नाही. चिमाबाईला हे सांगायला मी पुन्हा वर गेले नाही. शेळीचे पैसे पोस्टानं गेले. तो न चढलेला चढ मला अजून आठवतो.

पण मला सांगायचं आहे ते पेठच्या दत्तूअण्णांबद्दल आणि ब्रेकबद्दल.

दत्तूअण्णा एसटीत ड्रायव्हर होते. पुणे-नाशिक रस्त्यावर त्यांनी आयुष्य काढलं, एकही अपघात न करता निवृत्त झाले आणि पेठला रस्त्यालगतच्या घरात राहू लागले. बायको सुमनवहिनी, आणि पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी. बाबा रिकामे बसून चिडचिड करतात म्हणून मुलीनं लॅब्रॅडोरचं पिल्लू आणून दिलं. ते पिल्लू चालता चालता मधेच बसायचं आणि ओढलं तरी उठायचं नाही. अण्णांनी त्याचं नाव ब्रेक ठेवलं. रस्त्यावर अण्णा "ब्रेऽऽक!" म्हणून ओरडले की मोटारसायकलवाले दचकून खरंच ब्रेक दाबायचे, आणि अण्णांना त्याचा अतोनात आनंद व्हायचा.

विमा मुलीच्या सांगण्यावरून उतरवला. पहिल्या वर्षीचा हप्ता ऐकून अण्णा म्हणाले, "एवढंच? एक बटाट्याचं पोतं गेलं म्हणायचं." दुसऱ्या वर्षी जरा वाढला. तिसऱ्या वर्षी ब्रेकनं मोज्याचा गोळा गिळला, पुण्यात नेऊन तो बाहेर काढावा लागला, आणि विम्यानं त्या खर्चाचा मोठा भाग दिला. तेव्हा अण्णांनी मला पेढे दिले. तिथून हप्ता दरवर्षी चढतच गेला.

हे का होतं, ते मला दरवर्षी दहा दारांत समजावून सांगावं लागायचं. कुत्र्याचं वय वाढतं तशी दुखणी वाढतात. शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यांत आता माणसांसारखी मशिनं आहेत आणि बिलंही तशीच. शिवाय गाईंचा विमा हजारो लोक उतरवतात, कुत्र्यांचा मूठभर. त्यातली धडधाकट कुत्र्यांची माणसं कंटाळून सोडून जातात आणि आजारी कुत्र्यांची तेवढी मागं राहतात. मी असं सांगत असताना अण्णांनी मला मधेच थांबवलं.

"ताई, कळलं. गाडी तीच, डिझेल तेवढंच, आन् पॅसेंजर निम्म्यावर आलं. मग उरलेल्यांचं तिकीट वाढणार."

एवढ्या सोप्या शब्दांत आमच्या साहेबांनीही मला कधी सांगितलं नव्हतं.

ब्रेक आठ वर्षांचा झाला त्या वर्षीचं नूतनीकरणाचं पत्र घेऊन मी पेठला गेले. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला होता. वर नवी अट, की म्हाताऱ्या कुत्र्याच्या उपचाराचा काही हिस्सा मालकानंच सोसायचा. अण्णांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. ब्रेक त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता. सुमनवहिनी चहा ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. त्याच महिन्यात त्या दोघांच्या स्वतःच्या आरोग्यविम्याचा हप्ताही वाढून आला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

अण्णांनी पत्राची घडी घातली. "ताई, एक खरं सांगा. हा कुत्रा तुमचा असता, तर तुमी भरला असता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ विचारला नव्हता. विचारला असता तर "भरा, सोडू नका" हे उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. पण अण्णांशी मला खोटं बोलवेना.

"नसता भरला," मी म्हणाले. "दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले असते. कुत्रा तर ठणठणीत आहे."

"झालं मग," अण्णा म्हणाले आणि ब्रेकच्या डोक्यावर थोपटलं. "ताईंनीच सांगितलं, तू ठणठणीत हायेस."

परत येताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. हप्ता बुडवून गिऱ्हाइकाचं भलं करणारी मी एकटीच एजंट, असं काहीतरी मनात घोळवत मी स्कुटी चालवत होते.

पॉलिसीची मुदत संपली आणि पाचव्या दिवशी सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. अंगणात उभ्या असलेल्या बटाट्याच्या ट्रॉलीवर ब्रेक नेहमीसारखा चढून बसला होता. खाली उडी मारली, किंचाळला, आणि मागचा उजवा पाय वर धरला तो खाली टेकवेना.

मी पोचले तेव्हा तो ओट्याजवळ पडला होता. जीभ बाहेर, श्वास जोरजोरात. कुणी गुडघ्याकडं हात नेला की अंग आकसून घ्यायचा. असे पाय मी पाहिले होते. गुडघ्यातली शीर तुटली की मोठ्या कुत्र्याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं, आणि तेही पुण्यात.

मी जे केलं ते मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. अण्णांना मी बाजूला घेतलं. मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे असतात. त्या दिवसांत हप्ता भरला तर पॉलिसी जुनीच चालू राहते. फक्त मधल्या दिवसांत काही झालं असेल तर ते धरत नाहीत. पण हा पाय आज मोडला हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत होतं? पर्समध्ये दाव्याचा फॉर्म होता. वाटेत थांबून मी तो भरलाही होता. फक्त दुखापतीच्या तारखेची जागा कोरी ठेवली होती.

"अण्णा, हप्ता आज भरू. ब्रेकला परवा दवाखान्यात नेऊ. डॉक्टर परवाची तारीख घालतील. सगळं विम्यात बसेल."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना माझं बोलणं नीट कळलंच नव्हतं असं वाटलं.

"परवा?" ते म्हणाले. "म्हंजे दोन दिस ह्याला असाच ठिवायचा? कळा काढत?"

मी पर्स काखेत सरकवली.

"कागदासाठी?"

सुमनवहिनी आत जाऊन गोधडी घेऊन आल्या. अण्णांनी शेजारच्याची पिकअप मागून आणली. निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदाच स्टिअरिंग हातात घेतलं होतं, म्हणून आरसा नीट केला, सीट मागंपुढं केली, सगळं एसटीसारखं साग्रसंगीत. मी मागं बसले, ब्रेकचं डोकं मांडीवर घेऊन. पेठ ते मंचर हा रस्ता मी हजारदा केला असेन. त्या दिवशी अण्णांनी एकही खड्डा चाकाखाली येऊ दिला नाही. ब्रेक माझा हात चाटत होता. माझ्या पर्समध्ये तो फॉर्म होता आणि मला वाटत होतं की कुत्र्यालासुद्धा त्याचा वास येतोय.

मंचरच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, पाय तपासला आणि मला वाटलं होतं तेच सांगितलं. पुण्यात ऑपरेशन केलं तर पुन्हा पळेल. नाही तर अडीच-तीन महिने सक्त विश्रांती, वजन कमी करायचं, पोटाखालून कापड घालून मागचा भाग उचलून चार-चार पावलं चालवायचं. पाय कदाचित टेकेल, पण पहिल्यासारखा होणार नाही.

ऑपरेशनचा खर्च ऐकून अण्णांनी मान खाली घातली. मुलीचं नुकतंच बाळंतपण झालं होतं. "तिला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. निम्मा खर्च मी देते, असं मी म्हटलं. म्हटलं खरं, पण आवाज चोरटा निघाला.

"ताई," अण्णा म्हणाले, "तुमी किती कुत्र्यांचं देणार? तुमी मला खोटं सांगितलं न्हाई. मी इचारलं, तुमी सांगितलं. इस्टेरिंग माज्या हातात व्हतं."

त्यांनी माफ केलं म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी तारखेच्या कोऱ्या जागेबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तोवर ते ब्रेकला उचलायला आत गेले होते.

सुमनवहिनींची कंबर धरलेली. एकट्या अण्णांना तीस किलोचा कुत्रा उचलवेना. म्हणून मी आठवड्यातून तीनदा सकाळी पेठला जाऊ लागले. वहिनींनी अण्णांच्या जुन्या खाकी पँटचा एक पाय उसवून रुंद पट्टा शिवला होता. तो ब्रेकच्या पोटाखालून घालायचा, एक टोक अण्णांनी धरायचं, दुसरं मी. मग ओट्यापासून फाटकापर्यंत जायचं. पहिल्या दिवशी आम्ही ओट्यावरून खाली उतरलो आणि ब्रेक नावाला जागून बसला तो उठेचना.

अण्णांनी त्यावर युक्ती काढली. अंगण म्हणजे त्यांचा जुना रूट. ओटा म्हणजे पेठ. तुळशीपाशी अवसरी फाटा. हौदापाशी मंचर. त्यापुढं कळंब, नारायणगाव, आळेफाटा, आणि फाटक म्हणजे नाशिक. प्रत्येक थांब्यावर बिस्किटाचा एक तुकडा. "चला, मंचरवाले उतरून घ्या!" असं अण्णा ओरडले की ब्रेकचे कान उभे राहायचे. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची. एक विमा एजंट बाई आणि एक निवृत्त ड्रायव्हर खाकी पँटीत कुत्रा टांगून चाललेत, हे दृश्य होतंच तसं.

महिनाभर आम्ही मंचरच्या पुढं गेलो नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा कळंबला ब्रेकनं पाय टेकवला आणि लगेच वर घेतला. अण्णांनी पट्टा जरा सैल सोडला. मीही सोडला. पुन्हा टेकवला. ओट्यावरून सुमनवहिनी म्हणाल्या, "आवं, टेकला की!" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

नाशिक आलं त्या दिवशी भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या होत्या. पट्टा होता, पण नुसताच लोंबत होता. ब्रेक लंगडत लंगडत फाटकाला नाक लावून उभा राहिला आणि हायवेवरून जाणाऱ्या एसटीकडं बघून भुंकला. अण्णांनी उरलेला अख्खा बिस्किटपुडा त्याच्यापुढं रिकामा केला. डॉक्टरांनी वजनाबद्दल काय सांगितलं होतं ते त्या दिवशी कुणीच आठवलं नाही.

त्या वेळीच मी अण्णांना फॉर्मचं सांगितलं. वाटेत थांबून भरला होता, तुम्हाला विचारायच्या आधीच, असं म्हणाले. अण्णा म्हणाले, "मला दिसला व्हता. पर्सच्या बाहेर निम्मा लटकत व्हता." एवढंच. पुढं बोलले ते बटाट्याच्या भावाबद्दल.

ब्रेक पुन्हा कधी पळाला नाही. पाय वाकडा तो वाकडाच राहिला, थंडीत दुखायचा. विमा असता तर तो पळाला असता. हे मी कुणासमोर नाकारत नाही. पुढच्या दोन वर्षांत मला कितीतरी लोकांनी तोच प्रश्न विचारला. हप्ता परवडेना, सोडू का? मी कुणालाच भरा म्हणाले नाही आणि सोडा असंही म्हणाले नाही. सगळे आकडे समोर मांडायचे, मोडलेल्या पायाची गोष्ट सांगायची, आणि गप्प बसायचे. काहींनी भरला, बऱ्याच जणांनी सोडला. कुत्र्यांच्या पॉलिसीची माझी वही दरवर्षी बारीक होत गेली. मी निवृत्त झाले तेव्हा दोन्ही तालुके मिळून इतकी थोडी नावं उरली होती की नव्या एजंटला वही देताना मला लाज वाटली.

गेल्या वर्षी श्रावणात सकाळी अण्णांचा फोन आला. "ताई, ब्रेक गेला. पहाटं झोपंतच." आवाज स्थिर होता. "सवड आसंल तर या."

मी गेले. ओट्यावर चादरीखाली तो पडला होता, तोंड तेवढं उघडं. सुमनवहिनींनी जवळ जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी चपला काढल्या, ब्रेकपाशी वाकले, आणि माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. मोबाईल काढायला, फोटोसाठी. आधी डावी बाजू, मग उजवी. आयुष्यभर मेलेल्या जनावराजवळ गेले की हाताला हेच काम असायचं.

अण्णांच्या ते लक्षात आलं. "काय काय लागतं आता ताई? डॉक्टरचा दाखला काढू का? दोन पंच बोलवू?"

"काही नाही लागत, अण्णा," मी म्हणाले. "विमा नव्हता ना."

"काईच न्हाई लागत?"

"काहीच नाही."

अण्णांनी शेजारची गोणपाटाची घडी उलगडून माझ्याकडं सरकवली.

"मग नुसतं बसा थोडं," ते म्हणाले.

मी पर्स बाजूला ठेवली आणि बसले.